संघातला ‘बायल्या’ विनोद बंद कसा करायचा

हे कोच, कॅप्टन आणि संघाच्या मॅनेजरसाठी लिहितोय. मी फुटबॉलवाला. कोल्हापुरात एका तालमीच्या संघाला शिकवतो, त्यामुळे उदाहरणं फुटबॉलची जास्त येतील. पण क्रिकेटच्या आणि कबड्डीच्या खोलीतही तेच चार-पाच विनोद फिरत असतात, असं त्या खेळातले मित्र सांगतात. पास चुकला की ‘बायल्या’. टॅकलला कचरला की ‘बांगड्या भर’. दोघं एका खोलीत राहिले की सकाळी नाश्त्याला शिट्ट्या. केस जरा वाढवले, अंगाला बरा वास यायला लागला की ‘छक्का’. हे शब्द मुद्दाम लिहितोय. ‘आक्षेपार्ह भाषा टाळा’ अशी पाटी लावून मोकळे होणाऱ्यांना नेमकं काय टाळायचं ते पोरांसमोर उच्चारताच येत नाही, मग पाटी नुसती भिंतीवर राहते.

पहिला प्रश्न ठरलेला: नुकसान काय होतं? पोरं आहेत, हसतात, विसरतात.

खेळाच्या भाषेतच उत्तर देतो. आमच्याकडं एक उजव्या बाजूचा विंगर होता. सुटला की सापडायचा नाही. सरावात त्याच्या जांघेत चमक भरली. मांडीच्या आतला, पार वरच्या टोकाचा स्नायू. क्रॉस मारताना पाय आडवा फिरतो तेव्हा ताण बरोबर तिथंच येतो. मालीश करणाऱ्या मामांनी त्याला टेबलावर घेतलं. दार उघडंच होतं. दोघातिघांनी डोकावून शिट्ट्या मारल्या आणि एकजण म्हणाला, ‘मामा, जपून, आवडायला लागंल त्याला.’ सगळे हसले. तोही हसला, चड्डी सारखी केली आणि उठला. पुढच्या आठवड्यात विचारलं तर ‘बरं हाय सर’. मामांच्या टेबलाकडं तो परत फिरकला नाही. बर्फ नाही, पट्टी नाही, विश्रांती नाही. मॅचच्या उत्तरार्धात एका लांब बॉलवर सुटला आणि कुणी धक्काही न लावता मैदानात खाली बसला, दोन्ही हात जांघेवर. स्नायू फाटला होता. त्याचा हंगाम तिथंच संपला आणि आमचा उजवा कोपरा रिकामा झाला.

तो पोरगा समलिंगी होता का? मला माहीत नाही, आणि ते माहीत करून घेणं माझं काम नाही. (गंमत बघा, ज्या तालमींमधून आमचे संघ निघाले तिथं पैलवान पिढ्यान् पिढ्या एकमेकांना तेल लावून रगडत आलेत. त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. शिट्ट्या फुटबॉलच्या खोलीत सुरू झाल्या.)

लागतो कुणाला

बहुतेक कोच ज्याची चेष्टा झाली त्यालाच विचारतात, ‘राग आला का रे?’ तो म्हणतो ‘छे’, आणि विषय संपतो. ही चौकशीच चुकीच्या माणसाकडं चाललेली असते. इंग्लंडचा क्रिकेटपटू जेम्स अँडरसनचं उदाहरण घ्या. २०१० मध्ये त्यानं संघातल्याच स्टुअर्ट ब्रॉडच्या केसांवर एक ट्विट केलं होतं, पंधरा वर्षांच्या लेस्बियन मुलीसारखा दिसतोस अशा अर्थाचं. २०२१ मध्ये इंग्लंडच्या खेळाडूंची जुनी ट्विटं उकरली जाऊ लागली तेव्हा हेही वर आलं आणि अँडरसननं ते काढून टाकलं. ब्रॉडला त्याचं काही वाटलं नसेल. वाटणार तरी कसं? दोघं जिवलग मित्र, आणि विनोदाचा वार दोघांपैकी एकावरही नव्हता. ज्या मुलीसारखं दिसणं हाच विनोद होता, ती त्या संभाषणात कुठं होती?

एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, हे उघड्यावर घडलं. डिसेंबर २०१५, मेक्सिको सिटीतली मॅच. सॅक्रामेंटो किंग्जच्या राजॉन राँडोला पंच बिल केनेडी यांनी बाहेर काढलं. जाता जाता राँडोनं समलिंगींसाठीची शिवी हासडली. त्याच महिन्यात केनेडी यांनी जाहीरपणे सांगितलं की ते समलिंगी आहेत. म्हणजे शिट्टी वाजवणारा, पळणारा, फाउल मोजणारा माणूस हंगामामागून हंगाम तेच शब्द ऐकत काम करत होता. राँडोला एका मॅचची बंदी झाली. माझ्या दृष्टीनं ती फार थोडी होती.

आणि जो समलिंगी नाही त्यालाही लागतो. ग्रॅम ल सो हा चेल्सीचा डावा बचावपटू, इंग्लंडकडून ३६ सामने खेळलेला. १९९१ च्या उन्हाळ्यात संघातल्या मित्राबरोबर सुट्टीला गेला. परतल्यावर खोलीत कुजबुज सुरू झाली. त्यात हा ‘द गार्डियन’ वाचायचा, बाकीचे चित्रांची वर्तमानपत्रं बघायचे. एवढा ‘पुरावा’ पुरला. पुढची कित्येक वर्षं प्रत्येक मैदानावर गॅलरीतून त्याच्यावर गाणी. फेब्रुवारी १९९९ मध्ये लिव्हरपूलचा रॉबी फाउलर त्याच्यासमोर वाकला आणि स्वतःच्या ढुंगणाकडं बोट दाखवत राहिला. ल सोनं फ्री किक घ्यायला नकार दिला. पंचानं कार्ड कुणाला दाखवलं असेल? ल सोला, वेळ काढला म्हणून! नंतर ल सोनं फाउलरला बॉलपासून लांब एक रट्टा हाणला आणि त्यालाही एका सामन्याची बंदी आली. फाउलरला या प्रकाराबद्दल दोन सामन्यांची, आणि दुसऱ्याच एका मॅचमध्ये गोल केल्यावर कोकेन ओढल्यासारखं मैदानाची पांढरी रेघ हुंगल्याचं नाटक केलं त्याबद्दल चार सामन्यांची. एका खोडसाळ कुजबुजीनं एका चांगल्या बचावपटूची किती डोकेदुखी केली याचा हिशोब करून बघा. ल सो बायको-मुलांचा संसारी माणूस. त्याचा गुन्हा काय, तर वाचत होता.

म्हणून मी पोरांना सांगतो, हा विनोद समलिंगी माणसापुरता थांबत नाही. जो वाचतो, जो दारू पीत नाही, जो तोंडाला उन्हाचं क्रीम लावतो, ज्याचा आवाज बारीक आहे, अशा सगळ्यांना तो ओळीत उभं करतो.

आकडा हवा असेल तर एवढाच ध्यानात ठेवा. जस्टिन फॅशनूनं १९९० मध्ये आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर इंग्लंडच्या पुरुषांच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये खेळत असताना असं सांगणारा पुढचा खेळाडू ब्लॅकपूलचा जेक डॅनियल्स, मे २०२२, वय १७. मध्ये ३२ वर्षं आणि हजारो खेळाडू. फॅशनूनं १९९८ मध्ये स्वतःचा जीव घेतला. त्यामागं इतरही गोष्टी होत्या, म्हणून तो मृत्यू मी सरसकट विनोदांच्या खात्यावर टाकणार नाही. पण ३२ वर्षांची शांतता मात्र टाकतो. आपल्याकडं पुरुषांच्या भारतीय कसोटी संघाची टोपी १९३२ पासून तीनशेहून जास्त जणांनी घातली. त्यातल्या एकानंही आजवर असं जाहीर केलेलं नाही. तीनशेत एकही नसेल, असं मानायला मी काही खुळा नाही.

मतं बदलायच्या भानगडीत पडू नका

ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तरुण रग्बीपटू आणि आइस हॉकी खेळाडूंमध्ये पाहणी केली. अशा शिव्या देणाऱ्या पोरांच्या मनात समलिंगींबद्दल द्वेष असतोच असं नाही, असं त्यातून दिसलं. बाकीचे बोलतात, आपण नाही बोललो तर वेगळे पडू, म्हणून तेही बोलतात. मला ही मोठी सोय वाटते. वीस पोरांची मतं बदलायची म्हटलं तर माझी हयात जाईल. वीस पोरांची सवय मोडायला एक हंगाम खूप झाला.

सुरुवात स्वतःच्या तोंडापासून. ‘पोरींसारखं काय खेळताय’ हे वाक्य सरावातून काढा. ते वाईट आहे हे तर झालंच, पण शिकवणं म्हणूनही ते फुकटचं आहे. त्यातून पोराला काय कळलं? त्याऐवजी जे दिसलं ते सांगा: ‘पहिला टच लांब गेला.’ ‘खांदा लावलाच नाहीस.’ ‘बॉल यायच्या आधी मागं बघितलं नाहीस.’ एकदा असं बोलायची सवय लागली की आपण आधी किती पोकळ ओरडत होतो ते कळतं, आणि पोरंही एकमेकांना तसंच सांगायला लागतात.

मग हंगामाच्या आधी एकदाच, जर्सी वाटताना. वेगळी बैठक नको, पाहुणा वक्ता नको, पडद्यावर चित्रं नकोत. सरावाची वेळ, उशिराचा दंड, बुटाचे खिळे तपासणं, या नियमांच्या ओळीत हाही घ्या, त्याच आवाजात: ‘बायल्या, छक्का, हिजडा, बांगड्या, हे खोलीत, बसमध्ये आणि मैदानावर चालणार नाही. समोरच्या संघालाही नाही. बोलला तर पुढच्या मॅचला बाहेर.’ आणि लगेच पुढचा नियम. एखादा हसेल, त्याच्याकडं बघा, पण थांबू नका. कुणी विचारेल, ‘आणि आईवरून दिलेल्या शिव्या, सर?’ त्याही बंद झाल्या तर उत्तमच, पण सगळ्या शिव्यांवर एकदम बंदी घालायला निघालात तर आमच्या भागात अकरा जण उभे करणं मुश्कील होईल. मी आधी या चार शब्दांपासून सुरुवात केली, कारण यांच्यामुळं दुखणी लपवली जातात. बाकीच्यांचा नंबर नंतर.

त्या क्षणी काय बोलायचं

याचा धडा इंग्लंडच्या जो रूटनं दिलाय. फेब्रुवारी २०१९, सेंट लुसिया, वेस्ट इंडिजविरुद्ध तिसरी कसोटी. रूट शतकाच्या खेळीत होता. शॅनन गॅब्रिएल गोलंदाजी करताना त्याला काहीतरी बोलला. गॅब्रिएलचं बोलणं स्टंपच्या माइकमध्ये आलं नाही, रूटचं उत्तर तेवढं आलं: याचा शिवीसारखा वापर करू नकोस, समलिंगी असण्यात काही वाईट नाही. नंतर गॅब्रिएलनंच सांगितलं की तुला मुलं आवडतात का, असं त्यानं रूटला विचारलं होतं. त्यानं माफीही मागितली. मानधनातले ७५ टक्के कापले गेले आणि आधीचे शिस्तभंगाचे गुण जमा असल्यानं चार एकदिवसीय सामने त्याला बाहेर बसावं लागलं.

रूटच्या उत्तराची मांडणी बघा. दोन छोटी वाक्यं. आवाज चढलेला नाही. ‘मी तसला नाही’ असा खुलासा नाही, आणि हीच त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट. आपल्यावर बेतलं की पहिली उडी खुलाशाकडं जाते, ‘ए, माझं लग्न झालंय!’ या खुलाशानं शिवीला शिवी म्हणून मान्यता मिळते. रूटनं ती दिली नाही. बोलला, आणि पुढचा बॉल खेळायला उभा राहिला.

आपल्या मैदानावर माझं वाक्य असं असतं: ‘ते नको. पास चुकला, एवढंच बोल.’ आणि खेळ चालू. शिट्टी मारून सराव थांबवायचा नाही, पोरांना गोलाकार उभं करायचं नाही. आणखी एक वाक्य टाळा, वरवर ते समंजस वाटतं: ‘अरे, इथं कुणाला तरी लागत असेल.’ हे म्हणताक्षणी वीस माना फिरतात आणि तो ‘कुणीतरी’ कोण याचा शोध सुरू होतो. जो खरंच असेल तो त्या क्षणी जमिनीत जातो आणि पुढच्या विनोदाला सगळ्यांत मोठ्यानं हसतो.

ज्याच्या हसण्यावर खोली हसते तो

प्रत्येक संघात असा एक असतो. तो कॅप्टन असेलच असं नाही. बहुधा मागच्या फळीतला, जरा वयानं मोठा, नकला करणारा. त्याला संघासमोर काही बोलू नका. सराव संपल्यावर चहाच्या गाडीवर एकट्याला घ्या आणि एकच मागणं मागा: तू कुणाला काही बोलावंस असं म्हणत नाही, फक्त दुसरा कुणी बोलला की हसू नकोस. हे त्याला जमतं, कारण त्यात भाषण नाही. आणि तो हसला नाही की विनोद खोलीत तसाच पडून राहतो. बोलणाऱ्यालाच कसनुसं होतं. माझ्या अनुभवात नियमांपेक्षा यानं जास्त काम केलं.

टोपणनावांचंही तसंच. पोरगा स्वतः त्या नावाला ‘ओ’ देतो म्हणून त्याला ते आवडतं असं धरू नका. वेस्ट इंडिजचा डॅरन सॅमी आयपीएलमध्ये हैदराबादच्या ड्रेसिंग रूममध्ये ‘कालू’ या हाकेला हसत ओ देत होता. २०२० मध्ये अर्थ कळल्यावर तो किती भडकला ते सगळ्यांनी वाचलंय. तिथं विषय रंगाचा होता, पण हसून ओ देण्याचा प्रकार हाच. तुम्ही फक्त त्याचं खरं नाव वापरत राहा: संघाच्या यादीत, फळ्यावर, मैदानात ओरडताना. दोन महिन्यांत बाकीचेही वापरतात.

व्हॉट्सअॅपच्या गटावर दोघांच्या मिठीचा फोटो लाल बदाम लावून फिरला, तर तो काढायचा आणि ‘हे इथं नको’ एवढंच लिहायचं. तिथं वाद घालायचा नाही. पहाटे तीनपर्यंत चालतो.

मालीशचं टेबल

इथं जरा थांबा, कारण इथं विषय विनोदापेक्षा मोठा होतो.

टेबलाला पडदा लावा. दार उघडं राहिलं तरी चालेल, किंबहुना राहावंच, पण टेबल दारातून दिसू नये. जांघ, कंबर, ढुंगणाचे स्नायू यांना हात लावायच्या आधी मालीश करणाऱ्यानं काय करणार ते सांगायचं आणि पोराचा होकार घ्यायचा. अठराच्या आतला पोरगा असेल तर खोलीत आणखी एक मोठं माणूस हवंच. दुखणं कुठलं हे सगळ्यांसमोर विचारू नका. मी सरावाआधी प्रत्येकाला एक चिठ्ठी देतो, दुखतंय तिथं खूण करायची आणि घडी घालून टोपलीत टाकायची. जांघेवरच्या खुणा किती येतात ते बघून तुम्हीही चकित व्हाल.

आता मोठा विषय. एखादा प्रशिक्षक, मालीशवाला किंवा मोठा खेळाडू खरोखरच पोराशी वाईट वागत असेल, तर हे विनोद त्याला आयतं संरक्षण देतात. पोरानं तोंड उघडलं की खोली म्हणणार, ‘मजा आली का?’ हे त्याला आधीच पाठ असतं, म्हणून तो गप्प राहतो. मुलगे अशा अत्याचाराबद्दल इतके कमी का बोलतात, असं लोक विचारतात. माझं उत्तर, आमच्या खोल्यांमध्ये येऊन एक तास बसा. आणि ज्यांना वाटतं की समलिंगी आणि अत्याचारी एकच, त्यांनी आधी डोकं ताळ्यावर आणावं. अत्याचार करणारा माणूस गुन्हेगार असतो, त्याला कोण आवडतं हा मुद्दाच नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा मुलग्यांनाही लागू आहे आणि कळल्यावर पोलिसांना न सांगणं हाही त्यात गुन्हा आहे. मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक १०९८. तो खोलीच्या दारावर आतून चिकटवा, पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी.

शिक्षा

दंड लावू नका, बाहेर बसवा. पैशाची शिक्षा श्रीमंताला लागत नाही आणि गरिबाला जास्त लागते. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटला एप्रिल २०११ मध्ये पंचाला अशीच शिवी दिल्याबद्दल एक लाख डॉलर दंड झाला. त्याच्या मिळकतीत ती रक्कम म्हणजे चिल्लर. पण २०१३ मध्ये ट्विटरवर एकानं ‘गे’ हा शब्द शिवीसारखा वापरला तेव्हा कोबीनंच त्याला टोकलं, आणि आपण मागं जे बोललो तेही अज्ञानातून होतं, असं मान्य केलं. म्हणून बोलणाऱ्याला कायमचा वाळीत टाकू नका. एक मॅच बाहेर, मग परत आत, आणि विषय बंद. सगळ्यांसमोर माफी मागायला लावू नका. तो माफी मागतो, बाकीचे गालात हसतात आणि एक नवीन विनोद तयार होतो.

गॅलरी

हे सगळ्यात अवघड. मेक्सिकोचे प्रेक्षक समोरचा गोलकीपर गोल किक घेताना एक समलिंगीविरोधी शिवी सुरात ओरडतात. २०१४ च्या विश्वचषकात फिफानं ती चालवून घेतली, नंतर दंडामागून दंड लावले. २०२१ मध्ये जमैकाविरुद्धची मॅच रिकाम्या अझ्टेका स्टेडियमवर खेळवली. जून २०२३ मध्ये लास व्हेगासला अमेरिकेविरुद्धची मॅच पंचांनी भरपाईची वेळ पूर्ण न होऊ देता संपवली. ओरडा अजून चालू आहे. दंड भरते संघटना, ओरडतो तिसराच.

आपल्याकडं एक सोय आहे, ती मेक्सिकोला नाही. तालमीच्या संघाची गॅलरी गल्लीतलीच असते. कोण कुणाचा पोरगा ते ठाऊक असतं. शाहू स्टेडियमवर घोषणा कुठून उठते ते दोन मॅच बघितलेल्यालाही कळतं: वाद्यवाल्यांच्या आजूबाजूच्या दहा-बारा जणांकडून. मॅचच्या आदल्या संध्याकाळी तालमीतल्या ज्येष्ठ माणसाला घेऊन त्यांच्याकडं जा. बंदी घालायला जाऊ नका, काम द्यायला जा. समोरच्या गोलकीपरला डिवचायला नवीन घोषणा तयार करा म्हणावं, त्याच्या सुटलेल्या बॉलवर करा, त्याच्या संघाच्या गेल्या हंगामावर करा, बाई आणि छक्का सोडून. कोल्हापुरात घोषणा जुळवणाऱ्यांचा तुटवडा नाही. आणि तरीही जुनं सुरू झालंच तर तुमच्या कॅप्टननं स्वतः त्या बाजूला जाऊन हात खाली करायचा. आपल्या कॅप्टनचं गॅलरी ऐकते, माइकवरून बोलणाऱ्याचं ऐकत नाही.

एखाद्यानं येऊन सांगितलं तर

नियम नीट पाळलात तर कधीतरी हे होईल. सराव संपल्यावर बूट सोडायला फार वेळ लावणारा एक पोरगा मागं राहील.

ऐका. ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणा. मग दोनच प्रश्न: आणखी कुणाला माहीत आहे, आणि कुणाला कळलेलं चालेल? ‘नक्की का?’, ‘कधीपासून?’ असलं काही नको. घरी बायकोला सांगू नका. त्याच्या आईबापांना तर अजिबात नाही. कित्येक घरांत याचा शेवट घराबाहेर काढण्यात किंवा घाईनं लग्न लावण्यात होतो. दौऱ्यावर त्याची खोली त्याला न विचारता बदलू नका. बदललीत की सगळ्यांना कळलंच. इंग्लंडचा यष्टिरक्षक स्टीव्हन डेव्हिसनं आधी कोच आणि संघाला विश्वासात घेतलं, आणि जगाला फेब्रुवारी २०११ मध्ये सांगितलं. क्रम त्यानं ठरवला. तो क्रम ठरवायचा हक्क पोराचा.

त्याला भीती वाटत असेल तर एवढं सांगा: ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रौढांमधले सहमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा राहिलेला नाही. मन फारच खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. मुंबईचा हमसफर ट्रस्ट १९९४ पासून समलिंगी लोकांसाठी काम करतोय.

मुलींच्या संघांबद्दल मी कमी जाणतो, पण एक गोष्ट बघितलीय. तिथं विनोद उलटा चालतो: केस कापले की संशय, दोघी मैत्रिणी झाल्या की संशय, आणि मग पालक मुलीला खेळातून काढतात. धावपटू दुती चंदनं मे २०१९ मध्ये एका मुलीशी असलेलं आपलं नातं जाहीर केलं तेव्हा घरच्यांनीच विरोध केला. जुलैमध्ये तिनं नेपल्सच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०० मीटरचं सोनं आणलं. आणि ज्या पोरांना हे सगळं परदेशी फॅड वाटतं त्यांना मी ब्रेबॉर्नवरची २६ मार्च २०२३ ची रात्र आठवायला सांगतो. महिला प्रीमियर लीगची पहिली फायनल. नॅट सिव्हर-ब्रंटनं नाबाद ६० करून मुंबई इंडियन्सला कप मिळवून दिला. तिच्या नावातलं ‘ब्रंट’ तिच्या बायकोचं, इंग्लंडचीच माजी गोलंदाज कॅथरीन ब्रंट हिचं. मुंबईच्या निळ्या जर्सीतली आमची पोरं टीव्हीसमोर नाचत होती. तिच्या लग्नाचं सांगितल्यावर एकानं विचारलं, ‘मग सर, बॅटिंग कोण शिकवतं दोघींत?’ मला तो प्रश्न भलताच आवडला.

शेवटी कागदाचं काम. समोरच्या संघाकडून असं काही झालं तर चिडून पंचांच्या अंगावर जाऊ नका, ल सोची गत होईल. कॅप्टननं बॉल थांबल्यावर पंचांना एका वाक्यात सांगायचं. मॅनेजरनं मिनिट, जर्सीचा नंबर, जवळ कोण उभं होतं आणि शब्द जसाच्या तसा, सभ्य न करता, वहीत लिहायचा. ‘अश्लील बोलला’ एवढंच लिहिलेली तक्रार समिती सहज फेटाळू शकते. मैदान सोडायच्या आधी ती पंचांच्या अहवालाबरोबर द्या आणि पोच घ्या. आपल्या पोरानं केलं असेल तरी वही तीच, रकाना तोच.